प्रार्थना करूनही त्याच मोहात वारंवार पडतो. मन खरोखर नवं कसं होईल?

मोह येणं म्हणजे पाप नव्हे, हे आधी पक्कं करा. येशूचीही परीक्षा झालीच. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (१:१४-१५) क्रम दिलाय: वासना ओढते, ती गर्भवती होऊन पापाला जन्म देते. म्हणजे लढाई लवकर लढायची असते. दावीद राजा गच्चीवर फिरताना त्याची नजर दुसऱ्याच्या बायकोवर, बथशेबेवर गेली. मग त्याने तिची चौकशी केली, मग तिला आणायला माणसं पाठवली. चौकशीपाशीच थांबता आलं असतं. तुमची ‘चौकशी’ कुठली, ते शोधा. रात्री एकट्याने हातात घेतलेला फोन? मग तो झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. १ करिंथ १०:१३ मधली, मोहाबरोबर देव देतो ती सुटकेची वाट बहुतेकदा इतकी साधी असते.

अरण्यात सैतानाने मोहात पाडायला पाहिलं, तेव्हा येशूने तिन्ही वेळा ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर दिलं. तुमच्या मोहाला नेमकं लागू पडणारं एकच वचन पाठ करा आणि त्या क्षणी मोठ्याने म्हणा.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: सवय सोडतात, पण जागा रिकामी ठेवतात. लूक ११ मधलं झाडलेलं घर आठवा. माणसातून निघालेला अशुद्ध आत्मा आपलं जुनं घर झाडलेलं पाहून आणखी सात आत्मे घेऊन परतला. त्या वेळेत प्रार्थना, सेवा, संगती भरा.

आणि पडलात तर त्याच दिवशी स्तोत्र ५१, दावीदाची पश्चात्तापाची प्रार्थना, घ्या. ‘शुद्ध हृदय उत्पन्न कर’ यात हिब्रू क्रियापद उत्पत्ति १:१ मधल्या निर्मितीचंच आहे. हे काम देवाचं आहे, तुमच्या निग्रहाचं नव्हे. शिवाय एका विश्वासू, प्रौढ विश्वासणाऱ्याजवळ पाप कबूल करा (याकोब ५:१६). लपवलेलं पाप वाढतं.