मानमोडी आत शिरली कुठून?

प्रश्न : माझ्याकडे 600 गावरान पक्षी होते. सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस पाण्यातून दिली. दारात पाय बुडवायला पोटॅशचा (पोटॅशियम परमँगनेटचा) ट्रे आहे, बाहेरच्या माणसाला आत सोडत नाही. दिवाळीआधी व्यापाऱ्याला 40 कोंबडे विकले. त्यानंतर सहाव्या दिवशी माना वाकड्या होऊन मरतूक सुरू झाली. निम्मे गेले. चुकलं कुठे?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : व्यापारी आत आला नसेल, मान्य. पण त्याचे पिंजरे? त्यांच्या तळाला सकाळपासूनच्या चार फार्मांची विष्ठा चिकटलेली असते. मानमोडीची, म्हणजेच राणीखेतची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा पाच-सहा दिवस जातात, म्हणजे हिशेब जुळतो. यापुढे पिंजरे स्वतःचे ठेवा, वजन फाटकाबाहेर करा. आणि ‘हा बारीक आहे, नको’ म्हणून व्यापाऱ्याने परत केलेला कोंबडा पुन्हा शेडमध्ये सोडू नका.

पोटॅशच्या ट्रेवर माझा फारसा विश्वास नाही. चिखल-विष्ठा पडली की जांभळं पाणी तपकिरी होतं. मग त्यात पाय बुडवून उपयोग शून्य. त्यापेक्षा दारात आडवी फळी टाका. अलीकडे बाहेरची चप्पल, पलीकडे शेडची. हे शहाणपण मला उशिरा आलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शेडमधल्या मेलेल्या कोंबड्या फाडून तपासल्या, हात धुतले आणि त्याच बुटांनी शेजारच्या वस्तीवर लस टोचायला गेलो. आठवड्याने तिथेही माना वाकड्या. तिथल्या मावशींनी मला चहा पाजला होता.

लसीचं म्हणाल, तर एका लासोटावर गावरान पक्ष्याचं भागत नाही. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आठव्याच्या सुमारास आर-टू-बी ही राणीखेतचीच दुसरी लस टोचून घ्या. पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) असेल तर लस त्यातच मरते.

अशी मरतूक दिसली की आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, मग ते सांगतील तसं मेलेले पक्षी चुना टाकून खोल पुरा. राणीखेत की बर्ड फ्लू, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला निघाला, तेव्हाही अनेक पोल्ट्रीवाले राणीखेतचंच नाव घेत होते.

उरलेल्या पक्ष्यांत नवी पिल्लं सोडायची घाई नको. वाचलेला पक्षी धडधाकट दिसला तरी विषाणू बाहेर टाकत असू शकतो. ही बॅच संपू द्या, खाली अंथरलेलं तूस काढा, शेड धुऊन चुना मारा आणि दोन-तीन आठवडे कुलूप लावा. किल्ली मात्र स्वतःकडेच ठेवा.