कंपनीने सगळ्यांना ऑनलाइन कोर्सेस घेऊन दिले, तरी कुणी शिकत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दीडशे माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत तुम्ही एचआरमध्ये आहात, 'लर्निंग अँड डेव्हलपमेंट' नुकतंच तुमच्या गळ्यात पडलंय, कोर्सेसचं सबस्क्रिप्शन घेऊन सहा महिने झाले आणि लॉगिन करणारे वीससुद्धा भरत नाहीत. आता वरून विचारणा होतेय की आपल्या लोकांना शिकायची आवडच नाही का.

आवड असते हो. संध्याकाळी साडेसात वाजता, दोन तिकिटं (नेमून दिलेली कामं) अजून उघडी असताना नसते, एवढंच.

मी चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यातली शेवटची सात टीम सांभाळण्यात गेली. एचआरचा माणूस नाही, त्यामुळे तुमच्या बाजूच्या सगळ्या अडचणी मला दिसतात असं म्हणणार नाही. पण तुम्ही आज जिथे उभे आहात तिथे मी एकदा तोंडावर आपटलोय, म्हणून लिहितो.

आमच्याकडे एका वर्षी प्रत्येकाने वर्षाला ४० तास शिकायचं असा नियम निघाला आणि मी तो मोठ्या उत्साहाने अप्रेझलला जोडला. तास भरले. कसे भरले ते नंतर कळलं. एका खिडकीत व्हिडिओ दुप्पट वेगाने आणि आवाज बंद करून चालू, दुसऱ्या खिडकीत रोजचं काम. एकाने तर वेळेच्या नियोजनाचा कोर्स तीनदा पूर्ण केला, कारण यादीत तोच सगळ्यात छोटा होता. (वेळेचं नियोजन त्याला उत्तम जमत होतं, हे मान्य करावं लागेल.)

कोर्स अर्धवट सुटणं हे काही तुमच्याच कंपनीचं दुखणं नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर चालवलेल्या कोर्सेसची काही वर्षांची आकडेवारी तपासून एक अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे होते ३ टक्क्यांच्या आसपास. पण ज्यांनी प्रमाणपत्रासाठी स्वतःचे पैसे भरले होते, त्यांच्यातले जवळपास निम्मे शेवटपर्यंत गेले. कोर्स तेच, शिकवणारे तेच. फरक इतकाच की दुसऱ्या गटाला तो विषय कशासाठी तरी हवा होता. तुमच्या दीडशे जणांना तुम्ही हजारो कोर्सेसचं दार उघडून दिलंत, पण सोमवारी त्यातलं काय लागणार आहे हे कुणी सांगितलं का?

माझ्या मते खरा प्रश्न तुमच्या टेबलावर नाहीच. तो टीम लीडच्या टेबलावर आहे, आणि तो आहे कामाच्या वाटपाचा.

आमच्या टीममध्ये डेटाबेसचं कुठलंही नाजूक काम आलं की ते एकाच सीनियरकडे जायचं. तो दोन दिवसांत उरकायचा, दुसऱ्या कुणाला आठ-नऊ लागले असते. त्या-त्या आठवड्यापुरता तो निर्णय अगदी शहाणपणाचा होता. असे शंभर शहाणे निर्णय एकावर एक रचत गेलो आणि दोन वर्षांनी टीमचा एकखांबी तंबू झाला. तो माणूस सुट्टीवर गेला तरी लॅपटॉप सोबत. बाकीचे आठ जण फॉर्ममध्ये नवे रकाने घालतायत आणि मनातल्या मनात बायोडेटा लिहितायत. त्यातली एक फार हुशार मुलगी सोडून गेली. जाताना म्हणाली, "इथे मी वर्षभरात नवीन काहीच केलं नाही." डेटाबेसचे तीन कोर्सेस तिने पूर्ण केलेले होते! पण खरा डेटाबेस तिच्या हाती आम्ही कधी दिलाच नाही.

मग नियम उलटा केला. ज्याला येतं त्याने ते करायचं नाही, शेजारी बसायचं. कीबोर्डला हात लावायचा नाही, ही अट आमच्या त्या सीनियरला सगळ्यात जड गेली. पहिल्या खेपेला दोन दिवसांच्या कामाला नऊ दिवस लागले आणि वरच्यांकडून मला व्यवस्थित ऐकून घ्यावं लागलं. तिसऱ्या खेपेला तिसऱ्याच माणसाने ते साडेतीन दिवसांत केलं. त्या उन्हाळ्यात सीनियर पहिल्यांदा लॅपटॉप घरी ठेवून सुट्टीवर गेला. हे नऊ दिवस म्हणजेच तुमचं ट्रेनिंगचं बजेट, फक्त ते कुठल्याही एक्सेलमध्ये त्या नावाने दिसत नाही. म्हणून त्याला मंजुरीही कुणी देत नाही.

कुठलं काम कुणाला आधी द्यावं, याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर शिंप्यांकडून आलंय. जीन लेव्ह या मानवशास्त्रज्ञ बाईंनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवारी करणारी मुलं कशी शिकतात हे जवळून पाहिलं होतं. तिथली मुलं कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या उलट क्रमाने शिकतात. आधी बटणं लावणं, काठ दुमडून शिवणं, मग शिलाई, आणि कापड बेतणं अगदी शेवटी. बटण चुकलं तर उसवून परत लावता येतं, बेतलेलं कापड चुकलं तर वाया जातं. शिवाय तोवर तयार कपडा शेकडो वेळा हातातून गेलेला असतो, त्यामुळे बेतताना काय साधायचंय हे डोळ्यांसमोर असतं. आपल्याकडे हेच असं मांडता येतं: पहिल्या आठवड्यात एक क्षुल्लक बदल, पण तो स्वतः प्रोडक्शनपर्यंत, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टिमपर्यंत नेलेला. मग बग. मग ऑन-कॉलवर, म्हणजे बिघाड झाला तर धावून जायच्या पाळीवर असलेल्याच्या सोबत सावलीसारखं फिरणं. मग छोटं फीचर, आणि रचनेचा आराखडा त्यानंतर. माझ्या पाहण्यात बऱ्याच ठिकाणी नव्या माणसाला आधी दोन आठवडे आर्किटेक्चरची चित्रं दाखवतात. ती त्याच्या डोक्यावरून जातात आणि तो शहाण्यासारखी मान डोलावतो.

इथे एक नवी पंचाईत आहे, तिच्याकडे आत्ताच लक्ष द्या. बटणं लावण्याची ही कामं आता एआयची साधनं झटपट करून टाकतात. सीनियर खूश, कारण ज्युनियरला समजावण्यापेक्षा ते सोपं. पण मग ज्युनियर कुठून सुरुवात करणार? आम्ही काही किरकोळ कामं मुद्दाम माणसांसाठी राखून ठेवतो, आणि साधनाकडून कोड लिहून घेतला तरी रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी तो कोड तपासतात तेव्हा, त्यातली प्रत्येक ओळ का आहे हे ज्युनियरलाच सांगावं लागतं. हा तोडगा पुरा आहे असं मला वाटत नाही, पण तूर्त चाललंय.

रिव्ह्यूचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तुमच्या कंपनीत रोज चालणारा सगळ्यात मोठा वर्ग तोच आहे आणि त्याची फी भरून झालेली आहे. फक्त तिथे "हे बदला" एवढंच लिहिलं जातं. "का" लिहिण्याची सवय लावा. आणि ज्युनियरनेही सीनियरच्या कोडचा रिव्ह्यू करायचा, चुका काढायला नाही, प्रश्न विचारायला. पहिले काही दिवस कुणी विचारत नाही. मग एक जण भीतभीत विचारतो, आणि त्या सीनियरने नीट उत्तर दिलं की बाकीच्यांची जीभ सुटते. खेकसला, तर पुढचं वर्षभर कुणी तोंड उघडत नाही.

हे खेकसणं फार महाग पडतं. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना वाटलं होतं की चांगल्या टीमकडून कमी चुका होत असतील. नोंदी तर उलट बोलत होत्या, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! खोलात गेल्यावर लक्षात आलं की तिथे माणसं चूक झाली तर बोलत होती, बाकी ठिकाणी झाकत होती. आपल्याकडे सर्व्हर कोसळल्यानंतरची बैठक आठवा. 'कुणी केलं' या प्रश्नाने ती सुरू झाली तर त्या बैठकीत कुणी काहीही शिकत नाही, सगळे फक्त पुढच्या वेळी नाव कसं येणार नाही ते शिकतात. आम्ही अशा बैठकीच्या नोंदीत माणसांची नावं लिहिणंच बंद केलं. "स्क्रिप्ट चालवणाऱ्याला त्या क्षणी स्क्रीनवर काय दिसत होतं" असं लिहायचं. नवीन आलेल्यांना आम्ही आज सगळ्यात आधी याच नोंदी वाचायला देतो. त्यांच्याइतकं चांगलं पाठ्यपुस्तक बाजारात मिळणार नाही.

आता वेळेचं. तुम्हाला कुणीतरी गूगलच्या २० टक्क्यांचं, म्हणजे कामाच्या वेळेतला २० टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवू देण्याचं, उदाहरण देईलच. २००४ मध्ये शेअर बाजारात उतरताना संस्थापकांनी लिहिलेल्या पत्रात ते होतं, खोटं नाही. पण तिथे बरीच वर्षं काढलेल्या मरिसा मेयर यांनी पुढे सांगून टाकलं की ते २० टक्के म्हणजे खरं तर १२० टक्के, नेहमीचं काम संपवून वरचं. तुमच्याकडेही तेच होईल, जर स्प्रिंटमधलं (आखून घेतलेल्या काही आठवड्यांच्या टप्प्यातलं) काम कमी केलं नाहीत तर. मोठमोठे टक्के जाहीर करू नका. दर पंधरवड्याला अर्धा दिवस मागा, पण तो स्प्रिंट आखतानाच वजा करून मागा. डिलिव्हरी मॅनेजर इथे कुरकुर करेल आणि त्याचं चूकही नाही, त्याला तारखेचा जाब विचारला जातो. म्हणून ही परवानगी त्याच्याकडून न घेता त्याला जाब विचारणाऱ्याकडून घ्या. लेखी घ्या.

"शिकवलं आणि सोडून गेले तर?" हा प्रश्न तुमच्या फायनान्सवाल्यांकडून येणारच. प्रश्न जुना आहे; गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच मांडलं होतं की जे कौशल्य कुठेही चालतं त्याचा खर्च मालक सहसा स्वतः उचलणार नाही. यावर बऱ्याच कंपन्या ठरावीक काळ सोडून न जाण्याचा बॉण्ड लिहून घेतात. मला ते आवडत नाही. बॉण्डने माणूस थांबतो आणि तारखा मोजत बसतो. अॅमेझॉनने २०१२ मध्ये गोदामातल्या कामगारांसाठी जी योजना काढली तिच्यात तर नर्सिंग, विमानदुरुस्ती अशा कंपनीबाहेरच्या कामांच्या शिक्षणाची ९५ टक्के फी कंपनी आधीच भरत होती. तुम्ही एवढं करावं असं मी म्हणत नाही. पण आमच्याकडून गेलेली ती मुलगी शिकून गेली नव्हती, शिकायला मिळेना म्हणून गेली होती, एवढं फायनान्सला जरूर सांगा.

७०-२०-१० हे सूत्रही (७० टक्के शिकणं कामातून, २० टक्के इतरांकडून, १० टक्के वर्गातून) एखादा सल्लागार स्लाइडवर दाखवेल. यशस्वी मॅनेजरांना 'तुम्ही कशातून शिकलात' असं विचारून आलेल्या आठवणींचे ते गोल केलेले आकडे आहेत. दिशा बरोबर असेल, पण त्यावर बजेटची वाटणी करू नका.

वरच्यांना दाखवायला तुम्हाला काहीतरी आकडा लागेलच, ती तुमची गरज मला कळते. तास आणि सर्टिफिकेटं मोजणं सोडा. एक साधा तक्ता करा: डाव्या बाजूला कंपनीतल्या महत्त्वाच्या सिस्टिम, वर माणसांची नावं. जो माणूस ती सिस्टिम रात्री दोन वाजता एकट्याने सावरू शकतो, त्याच्या चौकटीत खूण. लीडने स्वतःच्या मनाने भरायचा नाही, माणसालाच विचारायचं. ज्या ओळीत एकच खूण आहे तिथे तुमचं ट्रेनिंग. आमच्या पहिल्या तक्त्यात तेवीसपैकी चौदा ओळी अशा होत्या. हा कागद मी संचालकांपुढे ठेवला तेव्हा शिकण्याच्या आवडीबद्दल कुणी काही बोललं नाही, फक्त "किती दिवस लागतील?" एवढंच विचारलं. दर तिमाहीला तोच तक्ता पुन्हा काढायचा.

सगळ्या कंपनीत एकदम सुरू करू नका. ज्या लीडला तुमचं पटतंय अशी एकच टीम धरा आणि तिथे तीन महिने द्या. आणि सबस्क्रिप्शन बंद करण्याची घाई करू नका. जे वीस जण लॉगिन करतायत ते कोण आहेत आणि काय बघतायत ते आधी पाहा. त्यांच्याशी दहा-दहा मिनिटं बोला. नूतनीकरणाच्या वेळी दीडशेऐवजी तीस लायसन्स घ्या, मागेल त्याला द्या, आणि देताना एवढंच विचारा की हे कुठल्या कामासाठी हवंय. काम सांगता आलं नाही तरी द्या, पण त्याच्या लीडला फोन करून विचारा की या माणसाला तसं काम कधी देताय.