आधी वर जा

प्रिय पोरा,

परवा रात्री तुझा मेसेज वाचला अन् झोपच उडाली. चौघांनी दोन रविवार धबधब्याखालचं कुंड साफ केलं, अकरा पोती भरली, आणि तिसऱ्या रविवारी गेलात तर परत तेच, पाकिटं, बाटल्या, पत्रावळ्या. आता विचारायलास की काका, पर्यटनस्थळाचा दर्जा मागायचा का सगळं सोडून द्यायचं.

मला एक सांग, त्या धबधब्याच्या वर कधी गेलास का? माथ्यावर, पठारावर? नसशीलच गेला. मीही नऊ वर्षं गेलो नव्हतो.

नऊ वर्षं खालीच. पोरं जमवायची, पोती भरायची, फोटो काढायचे. एका वर्षी ट्रॅक्टर मिळंना म्हणून भरलेली पोती कुंडाच्या काठालाच रचली, म्हणलं उद्या नेऊ, अन् रात्री पाऊस आला, सगळी पोती ओढ्यातून खालच्या एका शेतात. त्या माणसानं मला बोलवून नुसतं दाखवलं, शिवी दिली नाही, ते आजही खुपतं. पण माझी खरी चूक वेगळीच. मी तुझ्याएवढा असताना त्या कातळावरून दिवाळी उलटली तरी बारीक धार चालू असायची, आता दसऱ्यालाच कोरडं. धार आटत चालली अन् मी खाली बाटल्या मोजत बसलो.

आपला बालाघाटचा डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. खालचा मऊ थर पाण्यानं झिजतो, वरचा टणक काळा कातळ छज्ज्यासारखा पुढं राहतो, तिथून धार पडते. ठीक आहे, पण पाऊस उघडल्यावर जे पाणी पडतं ते येतं कुठून? वरच्या गवतानं अडवलेलं, मुरमात मुरलेलं, भेगांतून सावकाश पाझरलेलं असतं ते. गवत जाळलं, मुरूम उकरून नेला की दोन तास गढूळ लोंढा अन् मग काहीच नाही. सौताड्याच्या धबधब्याला विंचरणा नदीचं, सहस्रकुंडाच्या धबधब्याला पैनगंगेचं, सगळीकडं हेच. नळदुर्गच्या किल्ल्यातला नर-मादी धबधबा तर माणसानं बांधलेल्या बांधावरून पडतो, पण बोरी नदीला वरून पाणी आलं तरच ना. म्हणून म्हणतो, आधी वर जा.

आणि पत्रावळ्या म्हणालास ना तू? अरे, सहलीला येणारी पोरं कामून पत्रावळ्या आणतील? त्या वरच्या देवळातल्या भंडाऱ्याच्या, ओढ्यात टाकलेल्या. तू खाली उचलायलास अन् वरून येतच राहणार. देवळात जाऊन बस, म्हाताऱ्या माणसांशी बोल, एक खड्डा खांदून द्या चौघं मिळून. अकरा पोत्यांपेक्षा जास्त काम होईल.

दर्जाबिर्जाचं माझ्याकडं काढू नको. ग्रामसभेत मी पायऱ्या अन् सेल्फी पॉईंटला नाही म्हणलो तर विकासाच्या आडवा येतो म्हणून बोलणी खाल्ली, दोन जिवाभावाचे मित्र अजून बोलत नाहीत. आवाज चढला होता माझा, कबूल. पण मी चुकलो नव्हतो. टपऱ्या टाका, चार घरं जगू द्या, फक्त पायऱ्यांच्या आधी वरचं मुरूम उकरणं थांबवा, एवढंच म्हणत होतो. ह्याच्यात काय चूक होतं सांग? 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते बघूनही आपण पडणाऱ्या पाण्याचेच फोटो काढायचे का? पाणी वर थांबलं तरच खाली पडंल. किती वेळा सांगू.

सोडून द्यायचं म्हणलास ते मात्र मी वाचलंच नाही असं समज. थकलास, माहितीय. मी पण थकायचो, कारण चुकीच्या ठिकाणी राबत होतो.

गुराख्यांना विचार, कुठला झरा कुठवर टिकतो ते त्यांना तोंडपाठ असतं. दिवाळीनंतर वनरक्षकाला सोबत घेऊन जाळरेषा काढा, म्हणजे गवत काढून मोकळा केलेला पट्टा, उन्हाळ्यात वणवा तिथंच अडतो. आणि मे महिन्यात एकदा जाच, धबधबा कोरडा असताना, वरचं पठार उघडं पडलेलं असताना, तेव्हा कळंल मी कामून डोकं खातोय.

या रविवारी सकाळी सहाला फाट्यावर थांबतो. चौघंही या. पोती आणू नका, भाकरी बांधून आणा, वर दुपार होईल.

तुझा काका