परदेशी जाण्याआधी चलन कुठून घ्यायचं, किती घ्यायचं : वाचकांचे प्रश्न

सुट्टीचे दिवस जवळ आले की चलनाबद्दलचे प्रश्न एकदम वाढतात, त्यातले जे पुन्हापुन्हा आलेत ते इथे घेतेय. तिकीट आणि हॉटेलसाठी लोक महिनाभर रेट बघत बसतात आणि पैसे बदलायचं काम मात्र शेवटच्या दिवसावर ढकलतात, मग विमानतळावर मिळेल तो रेट घ्यावा लागतो. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण हे नुकसान अगदी सहज टाळता येतं.

प्रश्न : एका मनी चेंजरकडे 'झिरो कमिशन' अशी पाटी आहे, दुसरा दर व्यवहाराला ठरावीक फी घेतो. म्हणजे झिरो कमिशनवाला स्वस्त ना?

पाटीवरून ते कळत नाही. बँका आपापसात ज्या रेटने चलन घेतात-देतात तो झाला मधला रेट, नेटवर कन्व्हर्टरमधे दिसतो तो साधारण हाच. काउंटरवर हा रेट कोणालाच मिळत नाही आणि त्यात गैर काही नाही, नोटा मागवायच्या, सांभाळायच्या, त्यांचा विमा काढायचा, याला खर्च येतो. पण तो खर्च आणि स्वतःचा नफा मनी चेंजर दोन ठिकाणी लावू शकतो, उघड फीमधे नाहीतर रेटच्या आत. समजा मधला रेट १०० आहे. पहिला कमिशन शून्य म्हणतो पण विकतो १०५ ने, दुसरा विकतो १०१.५० ने आणि वर ३०० फी घेतो. तुम्हाला त्या देशाचे ५०० हवे असतील तर पहिल्याकडे ५२,५०० जातील आणि दुसऱ्याकडे फी धरून ५१,०५०. आणि फक्त ५० च हवे असतील तर पहिल्याकडे ५,२५० आणि दुसऱ्याकडे ५,३७५, म्हणजे चित्र एकदम उलटं. म्हणून रेट काय, कमिशन किती असं तुकड्यातुकड्यात विचारूच नका. 'मला इतके हवेत, सगळं धरून एकूण किती द्यायचे' एवढंच विचारा, एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारा आणि तेच आकडे शेजारी ठेवून बघा. बोर्डावरचे विकायचा आणि विकत घ्यायचा असे दोन्ही रेटही बघा, त्यातलं अंतर जितकं मोठं तितकं तुमचं नुकसान जास्त, आणि उरलेल्या नोटा परत करताना ते पुन्हा एकदा सोसावं लागतं.

विमानतळावरचं काउंटर बहुतेक वेळा महाग असतं कारण तिथे पोचलेल्या माणसाला दुसरीकडे जायला वेळच नसतो. बऱ्याच कंपन्या ऑनलाइन बुक करून विमानतळावर नोटा घ्यायची सोय देतात, त्यात त्याच काउंटरचा रेट पुष्कळदा बरा मिळतो, त्यामुळे अगदी आयत्या वेळी आठवलं तरी आधी फोनवर बघा.

प्रश्न : रेट खाली यायची वाट बघावी का? प्रवासाला दोन महिने आहेत.

पुढे रेट कुठे जाईल हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, मीही सांगणार नाही. धाकधूक वाटत असेल तर दोन-तीन वेळा थोडंथोडं घ्या म्हणजे सरासरी पडते, फक्त दर वेळी ठरावीक फी जात असेल तर उगाच जास्त तुकडे करू नका. कमी वापरातलं चलन असेल तर आठवडाभर आधी सांगून ठेवा, ते मागवावं लागतं.

प्रश्न : कॅश किती न्यावी आणि कार्डवर किती ठेवावेत?

हे देशावर आहे. स्वीडनमधे बऱ्याच दुकानांत कॅश घेतच नाहीत. जपानमधे कार्ड आता बऱ्याच ठिकाणी चालतं पण छोट्या जागी आणि बस-ट्रेनचं कार्ड रिचार्ज करायला अजून नोटा लागतात, तिथे सेव्हन-इलेव्हन या दुकानांतल्या आणि पोस्टाच्या एटीएममधे परदेशी कार्ड चालतं ही मोठी सोय आहे. माझा सल्ला असा की पहिले दोन-तीन दिवस टॅक्सी, बस, खाणंपिणं आणि एखादी अडचण निघेल इतकी कॅश आधीच घ्या, बाकी कार्डवर. कार्डं दोन असू देत, शक्यतो वेगवेगळ्या बँकांची, आणि ती एकाच पाकिटात ठेवू नका. नोटा मागताना छोट्या मागा, रात्री उतरल्यावर टॅक्सीवाल्याकडे मोठ्या नोटेचे सुटे नसतात.

कार्डाचा खर्च तीन ठिकाणी लपतो: व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्या दिवसाचा रेट (हा मधल्या रेटच्या बराच जवळ असतो), त्यावर तुमच्या बँकेचा मार्कअप (बँक वरून लावते ती टक्केवारी) आणि एटीएमवाल्याची वेगळी फी. मार्कअप शून्यही असू शकतो किंवा तीन टक्क्यांच्या आसपासही, म्हणून निघायच्या आधी बँकेला हाच एक आकडा विचारा. एटीएमची फी दर वेळी ठरावीक असेल तर रोज थोडे काढण्यापेक्षा एकदाच जास्त काढलेले बरे.

एक महत्त्वाचं, हॉटेल आणि भाड्याची गाडी देणारे डिपॉझिट म्हणून मोठी रक्कम ब्लॉक करतात. प्रीपेड (आधी पैसे भरून ठेवलेलं) कार्ड दिलंत तर तुमचे स्वतःचे पैसे दिवसेंदिवस अडकून राहतात आणि ऐन ट्रिपमधे कार्ड रिकामं दिसतं. तिथे क्रेडिट कार्ड द्या, प्रीपेड रोजच्या खर्चाला ठेवा.

प्रश्न : क्रेडिट कार्डाने परदेशात एटीएममधून पैसे काढले तर?

अगदी नाइलाज असेल तरच. कॅश अ‍ॅडव्हान्सची फी लागते आणि व्याज बहुतेक वेळा त्याच दिवसापासून चालू होतं, खरेदीला मिळते ती बिनव्याजी मुदत इथे मिळत नाही. एटीएमसाठी डेबिट किंवा प्रीपेड कार्ड वापरा.

प्रश्न : मागच्या वेळी दुकानात मशीनने विचारलं की पैसे तुमच्या देशाच्या चलनात भरायचे का. आकडा लगेच समजला म्हणून हो म्हटलं. बरोबर केलं का?

बहुतेक तुम्हाला ते महाग पडलं असणार, आणि यात तुमची चूक नाही, प्रश्न विचारतातच अशा पद्धतीने की हो म्हणणं सोपं वाटावं. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. तुम्ही हो म्हणता तेव्हा रेट तुमची बँक किंवा कार्ड नेटवर्क ठरवत नाही, त्या दुकानदाराची किंवा एटीएमची पेमेंट कंपनी ठरवते आणि त्यात स्वतःचं मार्जिन घालते, आणि काही बँका त्यावर पुन्हा आपली परदेशी व्यवहाराची फी लावतात कारण व्यवहार तरी परदेशातच झालेला असतो. युरोपियन युनियनमधे एप्रिल २०२० पासून हा रेट युरोपियन सेंट्रल बँकेच्या रेटपेक्षा किती टक्के महाग आहे ते दाखवणं सक्तीचं आहे, तो टक्का एकदा नीट वाचलात तर पुन्हा हो म्हणणार नाही. तेव्हा ज्या देशात आहात त्याच देशाचं चलन निवडा, दर वेळी. एटीएमवर तर स्क्रीन जास्तच गोंधळात टाकते, 'कन्व्हर्जन स्वीकारा' किंवा 'नाकारा' असं येतं आणि नाकारलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटतं, पण बिनधास्त नाकारा, व्यवहार पुढे जातो. वेटर मशीन घेऊन आला आणि स्वतःच बटण दाबलं तर पावतीवरचं चलन बघा, आणि चुकीचं असेल तर तिथल्या तिथे रद्द करून पुन्हा तिथल्या चलनात करायला सांगा.

प्रश्न : आम्ही स्वित्झर्लंड, झेक रिपब्लिक आणि क्रोएशिया करतोय. सगळीकडे युरो चालतील का?

क्रोएशियात चालतील, १ जानेवारी २०२३ पासून तिथे युरोच आहे. स्वित्झर्लंडचं चलन फ्रँक आणि झेकचं कोरुना. पर्यटकांच्या दुकानांत युरो घेतात पण रेट दुकानदाराचा असतो आणि सुटे त्यांच्या चलनात मिळतात. या दोन देशांसाठी आधी युरो घेऊन तिथे परत बदलले तर मार्जिन दोनदा जातं. क्रोएशियापुरते युरो घ्या आणि बाकी दोन ठिकाणी कार्ड आणि थोडी एटीएमची कॅश.

प्रश्न : आम्ही जातोय त्या देशाचं चलन इथे मिळतच नाही.

काही चलनं देशाबाहेर मिळतच नाहीत किंवा फार वाईट रेटने मिळतात. ट्युनिशियाचा दिनार तर कायद्यानेच देशात आणता येत नाही आणि बाहेरही नेता येत नाही. व्हिएतनामचा डाँग तिथे पोचल्यावर घेतलेला परवडतो. अशा ठिकाणी डॉलर किंवा युरो न्या, पण नोटा कोऱ्या, न फाटलेल्या, शिक्का किंवा पेनाची रेघ नसलेल्या बघून घ्या. अमेरिकेत जुनी नोटही चालते पण बाहेरच्या देशांत बरेच मनी चेंजर मळक्या किंवा जुन्या डिझाइनच्या १०० डॉलरच्या नोटेला कमी रेट देतात किंवा घेतच नाहीत, २०१३ मधे आलेली निळ्या पट्टीची नोट असेल तर कटकट नाही. आणि तिथे पैसे बदलल्याच्या पावत्या जपून ठेवा, परत येताना उरलेलं चलन पुन्हा डॉलरमधे करून घ्यायला बऱ्याचदा त्याच मागतात.

प्रश्न : मावशीने तिच्याकडचे जुने पौंड दिलेत, दहा-बारा वर्षांपूर्वीचे. चालतील का?

दुकानात नाही चालणार. ब्रिटनच्या बँक ऑफ इंग्लंडच्या कागदी नोटा एकेक करून बंद झाल्या आणि शेवटच्या २० आणि ५० पौंडांच्या ३० सप्टेंबर २०२२ ला गेल्या, आता सगळ्या पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या. पण पैसे बुडाले नाहीत, बँक ऑफ इंग्लंड जुन्या नोटा कायम बदलून देते, फक्त वेळ काढावा लागेल. स्विस फ्रँकचंही असंच, जुन्या आठव्या सिरीजच्या नोटा ३० एप्रिल २०२१ पासून व्यवहारातून गेल्या पण स्विस नॅशनल बँक बदलून देते. युरोच्या पहिल्या सिरीजच्या नोटा मात्र अजून चालतात.

प्रश्न : जास्त कॅश नेली तर पकडतात का?

अमेरिकेत १०,००० डॉलरपेक्षा जास्त आणि युरोपियन युनियनमधे बाहेरून येताना १०,००० युरो किंवा जास्त असतील तर जाहीर करावे लागतात. ही बंदी नाही, सांगितलं की झालं, लपवलं तर मात्र जप्त होऊ शकतात. अमेरिकेत एकत्र डिक्लरेशन देणाऱ्या कुटुंबाची कॅश एकत्र मोजतात, तेव्हा चौघांत वाटून खिशात ठेवून उपयोग नाही. आणि स्वतःच्या देशातून किती नेता येते त्याचा नियम वेगळा असतो, तो आपल्या बँकेकडून विचारून घ्या.

प्रश्न : उरलेल्या नोटा-नाण्यांचं काय करायचं?

नाणी मनी चेंजर सहसा परत घेत नाहीत, म्हणून शेवटच्या दिवशी ती आधी संपवा. हॉटेलचं बिल थोडं नाण्यांत आणि बाकी कार्डाने असं विचारून बघा, पुष्कळ ठिकाणी चालतं. स्कॉटलंडला गेला असाल तर तिथल्या बँकांच्या नोटा ब्रिटनमधेच खर्च करा किंवा इंग्लंडच्या करून घ्या, बाहेर त्या बदलताना त्रास होतो. बाकी नोटा थोड्या असतील आणि पुन्हा जायचा विचार असेल तर राहू द्या, जास्त असतील तर आल्यावर चार-पाच ठिकाणी विकत घ्यायचा रेट विचारून मगच द्या.