गरब्याची जागा नाचायला चांगली आहे का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी नवरात्रात तीन ठिकाणी गरबा असतो: मंगल कार्यालयाचा हॉल, एक लॉन आणि शाळेचं मैदान. आईचे गुडघे दुखतात, तर तिला कुठे न्यावं? मी म्हणेन, जमीन नीट बसवलेली असेल तर शाळेच्या मैदानावर.

हॉलची चकचकीत फरशी पाहून भुलू नका. वर कोटा असो की टाइल, खाली काँक्रीट असतं आणि ते जरासुद्धा दबत नाही. पाय आपटला की दणका टाचेतून नडगीत आणि गुडघ्यात जातो. खेळाच्या फरश्यांसाठी ईएन १४९०४ हे युरोपीय मानक आहे. त्यात काँक्रीट शून्य धरून फरशीनं निदान २५ टक्के धक्का शोषला पाहिजे, अशी अट आहे. म्हणूनच चांगल्या नृत्यशाळांत लाकडी फळ्यांखाली पट्ट्या आणि रबर ठेवून जमीन लवचीक करतात. आपल्या तालुक्याला ते कुठून मिळणार? पण मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवलेली जमीन काँक्रीटपेक्षा पायाला नक्कीच बरी.

फक्त मुरमाखाली काय आहे ते विचारा. आपली कापसाची काळी माती पावसात फुगते आणि ऑक्टोबरच्या उन्हात भेगाळते. त्यावर थेट हिरवी मॅट अंथरली की भेग झाकली जाते आणि घोटा नेमका तिथेच मुरगळतो. शेणानं सारवलेलं अंगण पायाला फार सुखाचं, पण ते घरच्या भुलाबाईपुरतं. मोठा फेर फिरला की सारवण उखडतं आणि धूळ उडते.

गरबा सुरू होण्याआधी जा आणि आई जे घालून नाचणार असेल तेच पायात घाला, अनवाणी नाचणार असेल तर अनवाणी. जागच्या जागी थोड्या उड्या मारा. टाचेला ठणका लागला तर जागा कडक आहे. मग चवड्यावर गिरकी घ्या. पाय चिकटून राहिला तर पीळ गुडघ्याला पडतो, सुळकन सरकला तर माणूस पडतो. थोडा जोर लावल्यावरच पाय सुटला पाहिजे. गुळगुळीत फरशीवर कुणी टाल्कम पावडर टाकलेली दिसली तर आईला तिथे अजिबात नाचू देऊ नका. शेवटी खाली न बघता मैदान तिरपं चालून जा, खड्डे-उंचवटे तळव्यांना कळतात.

लॉन मला पसंत नाही. रात्री दव पडलं की गवत निसरडं होतं.

मंडळाच्या पोरांना आधीच सांगा: संध्याकाळी मैदानावर हलकं पाणी शिंपा आणि मांडवाचे खिळे, तारा वेचून घ्या. हॉलशिवाय पर्यायच नसेल तर आईला जाड रबरी तळाचे हलके बूट घालू द्या आणि उड्यांचे प्रकार आले की बसून टाळ्या वाजवू द्या.