पाडव्याआधी आकडा ठरव

प्रिय चिऊ,

शाळेत सगळ्यांनी नव्या वर्षाचे संकल्प लिहिले, तू लिहिलंस 'मी पैसे वाचवीन', आणि फोनवर ते ऐकून आजी म्हणाली, "छान. पण किती? आणि पाडव्याला कर की संकल्प, आत्ता काय घाई आहे?" तुझा चेहरा पडला. मग गाडीत तू मला दोन प्रश्न विचारलेस. मराठी माणसं १ जानेवारीला संकल्प करत नाहीत का? आणि आजीला प्रत्येक गोष्टीत आकडा का लागतो? शाळा येईपर्यंतच्या दहा मिनिटांत हे सांगून होणारं नव्हतं, म्हणून लिहितोय. एखादा शब्द अडला तर आईला विचार.

करतात ग, १ जानेवारीला भरपूर संकल्प करतात. पहाटे उठायचं, फिरायला जायचं, साखर सोडायची. साखरेचा संकल्प १४ तारखेच्या तिळगुळापर्यंतच टिकतो, ते सोड. पण घरातल्या पैशाचं आजी जानेवारीत कधीच ठरवत नाही, आणि त्याला कारण आहे.

तिच्या लहानपणी घरातला सगळ्यात मोठा खर्च कोणता होता, ओळख बघू. कपडे नाहीत, प्रवास तर नाहीच. वर्षाचं धान्य. आपण इथे ब्रिटनमध्ये पिठाची पिशवी संपली की दुसरी आणतो. तिच्याकडे गहू, ज्वारी, तूरडाळ वर्षभराची एकदम भरायचे. रब्बीचा गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो, आवक वाढते, भाव उतरतो. लाल मिरचीही त्याच सुमारास येते. म्हणून चैत्र-वैशाखात पोती घरी यायची. गहू उन्हात वाळवायचा, निवडायचा, एरंडेलाचा हात फिरवून, कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरायचा, म्हणजे कीड लागत नाही. मिरचीचं कांडप, कुरडया, पापड, सांडगे, सगळं पाऊस यायच्या आत. जूनला शाळा सुरू, म्हणजे फी, वह्या, गणवेश. दोन-अडीच महिन्यांत घरातला निम्मा पैसा बाहेर पडायचा.

आता गुढीपाडवा बघ. यंदा, २०२६ मध्ये, १९ मार्चला आहे, गेल्या वर्षी ३० मार्चला होता, त्याच्या आदल्या वर्षी ९ एप्रिलला. तारीख चंद्राप्रमाणे मागेपुढे होते, पण येतो तो बरोबर या खर्चाच्या तोंडावर. जानेवारीत गहू शेतात उभा असतो, त्याचा भाव कुणालाच माहीत नसतो. तेव्हा संकल्प करून काय करणार? पाडव्याला मात्र बसून ठरवता येतं: यंदा पोती किती, मिरची किती किलो, कुणाकडून घ्यायची आणि पैसे कुठून आणायचे. आजीचा संकल्प म्हणजे हे ठरवणं. 'मी वाचवीन' हे तिच्या कानाला अर्धं वाक्य वाटतं.

आकड्याचं मूळ पूजेतही आहे, असं मला वाटतं. गणपतीत गुरुजी माझ्याकडून संकल्प म्हणवून घेतात ते तू पाहिलंयस. हातावर पळीभर पाणी घेऊन ते ताम्हनात सोडायचं. त्याआधी काय काय म्हणतात माहितेय? कुठल्या देशात, कुठल्या संवत्सरात, कुठल्या महिन्यात, कुठल्या तिथीला, कोण, कशासाठी. सगळा पत्ता देऊन मग इच्छा. आणि ती एकट्याची नसते; त्यात 'सहकुटुंबानां सहपरिवाराणां' असे शब्द येतात, म्हणजे घरातल्या सगळ्यांसाठी. तुझा शाळेचा कागद याउलट आहे: नाव एकटीचं, दिवस नाही, रक्कम नाही. (संवत्सराला दरवर्षी वेगळं नाव असतं, साठ नावं फिरून फिरून येतात. यंदाच्या पाडव्याला जे लागतंय त्याचं नाव आहे 'पराभव'! दादा म्हणेल, मग संकल्प करायचाच कशाला. आजी त्याला काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही.)

आता भिशी. आजी दर महिन्याला 'भिशीला' जाते आणि तिथे इडली खाते एवढंच तुला माहीत आहे. तिथे खरं काय चालतं ते सांगतो, कारण माझ्या मते घरचे पैसे वाचवण्याची एवढी हुशार पद्धत दुसरी नाही.

समज बारा बायका आहेत. प्रत्येकीने महिन्याला २,००० रुपये आणायचे. जमले २४,०००. चिठ्ठी टाकायची, नाव निघेल तिला सगळे २४,००० त्याच दिवशी. पुढच्या महिन्यात पुन्हा २,००० आणायचे, जिला मिळाले तिनेही. तिची चिठ्ठी मात्र आता डब्यात नाही. बारा महिन्यांत प्रत्येकीला एकदा २४,००० मिळतात आणि प्रत्येकीने भरलेलेही २४,०००च. म्हणजे फायदा शून्य, असं तुझं गणित सांगेल. पण नीट बघ. पहिल्या महिन्यात जिला लागली तिला बिनव्याजी कर्ज मिळालं, अकरा महिन्यांत फेडायचं. शेवटी लागली तिची बचत झाली, व्याजाशिवाय. मधल्यांचं थोडं हे, थोडं ते. आणि चिठ्ठी ही बरेचदा नावापुरती. "मला एप्रिलची दे, गहू भरायचाय", "मला जूनची, पोरांची फी आहे" असं म्हणून बायका आपापसांत नंबर बदलून घ्यायच्या. धान्याची पोती आणि भिशीचा नंबर यांची अशी गाठ असायची. बँक हे करत नाही. बँकेला तुझ्याकडे गहू कधी संपतो हे माहीत नसतं.

शिवाय भिशीला पैसे न घेता गेलं की अकरा जणी बघतात. स्वतःशी केलेला संकल्प मोडला तर कोण विचारतंय? धोकाही आहेच. घरगुती भिशीला कागद नसतो. नोंदणी केलेल्या चिट फंडांसाठी भारतात १९८२ चा कायदा आहे, आजीच्या भिशीला फक्त ओळखीचा आधार. कुणी आपला नंबर घेऊन गाव सोडून गेलं तर बाकीच्यांनी हात चोळत बसायचं. म्हणून आजी अनोळखी बाईला भिशीत घेत नाही, कितीही गोड बोलली तरी.

आजोबांचा प्रकार वेगळा होता. ते दुकान बंद करायच्या वेळी पिग्मीवाला, म्हणजे रोजची बचत गोळा करणारा माणूस, यायचा, रोजच्या गल्ल्यातून थोडी रक्कम घेऊन पावती द्यायचा. ही योजना सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये उडुपीकडे सुरू केली, दिवसाला दोन आणे इतक्या लहान रकमेपासून, आणि मग सगळीकडे पसरली. महाराष्ट्रातल्या पतसंस्थाही ती चालवतात. रोज हातात रोख येते त्याच्यासाठी ती बरोबर, पगारदारासाठी पोस्टातली आवर्ती ठेव. दोन्हींत युक्ती एकच: खर्च सुरू व्हायच्या आत रक्कम घराबाहेर.

सोन्याबद्दल माझं आणि आजीचं पटत नाही, ते तुला माहीत असू दे. पाडवा हा साडेतीन मुहूर्तांतला एक, त्या दिवशी गुंजभर तरी सोनं घ्यावं असं तिचं म्हणणं. (तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, म्हणजे ९६ गुंजांचा तोळा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, काढ गुंजेचं वजन.) माझं म्हणणं, दागिना घेतला तर घडणावळ जाते, ३ टक्के जीएसटी जातो, आणि विकताना सोनार घट धरतो, मग ती हौस आहे, तिला बचत म्हणू नये. त्यावर ती म्हणते, "मी कुठे दागिना घेते? मी वेढणं घेते." वेढणं म्हणजे सोन्याच्या तारेचं साधं वळं, नक्षी नाही, त्यामुळे घडणावळ नगण्य. इथे माझी बोलती बंद होते, पण जीएसटीचा मुद्दा मी सोडलेला नाही.

आणि खरं विचारलंस तर आपल्याकडे पैशाची वर्षं किती सुरू होतात याला काही सुमार नाही. व्यापारी दिवाळीत नव्या वह्यांची पूजा करतात. भारत सरकारचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला लागतं. इथल्या ब्रिटनमधल्या करांचं ६ एप्रिलला. आजी पाडवा धरते कारण तिच्या कोठीचं वर्ष तेव्हा सुरू होतं.

आपल्या घरी कोठी नाही, आणि नकोही. इथे गव्हाचा भाव चैत्रात उतरत नाही, आणि ढीगभर पीठ आणून ठेवलं तर त्याला वासच येईल. पण एकदम अंगावर येणारे खर्च आपल्यालाही आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे जायची चौघांची तिकिटं ३,००० पौंडांच्या घरात जातात. ते आपलं वर्षाचं धान्य. आई आणि मी ठरवलंय की पाडव्यापासून महिन्याला २५० पौंड पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात जातील, म्हणजे पुढच्या वर्षीची तिकिटं क्रेडिट कार्डावर काढावी लागणार नाहीत. गाडीचा विमा आणि हिवाळ्यातलं गॅसचं बिल यांचंही असंच करायचंय, त्याचे आकडे अजून चर्चेत आहेत. आईचा आकडा माझ्यापेक्षा मोठा आहे.

रोजचा खर्च आजी जुन्या डायरीत लिहिते आणि दुधाचे खाडे कालनिर्णयवर, ज्या दिवशी दूध आलं नाही त्या चौकोनात फुली. तेवढं आपल्याला जमणार नाही असं मला वाटतं, एक महिना करून बघायला हरकत नाही.

तुझ्यासाठी आणि दादासाठी माझा प्रस्ताव असा. चौघांची भिशी, महिन्याला प्रत्येकी ५ पौंड, पाडव्यापासून सुरू. दर महिन्याला एकाला २० पौंड, चार महिन्यांत फेरी पूर्ण. तुमचे ५ पौंड तुमच्या खाऊच्या पैशांतून, आमच्याकडून उसने मिळणार नाहीत. २० पौंडांचं काय करणार ते आधी सांगायचं, आणि त्यावरून नंबर ठरवायचा. दादाने पहिला नंबर आत्ताच मागून ठेवलाय. मी अजून हो म्हटलेलं नाही, कारण पहिला नंबर घेणाऱ्याने पुढचे तीन महिने न चुकता भरायचं असतं, आणि माझ्याकडून घेतलेले ऑगस्टमधले ४ पौंड त्याने अजून दिलेले नाहीत. तुला कितवा नंबर हवा ते १९ मार्चच्या आत कळव. आजीलाही विचार, ती रुपयांत येते म्हणाली तर हिशेब कसा करायचा ते तू काढ.

तुझा
बाबा