लांडग्याला हातमोजे कशाला?

प्रश्न: मी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात जकार्डची डिझाइन ग्राफवर उतरवतो. मुलगी बारावी कॉमर्सला आहे. सारखी जुन्या कार्टूनसारखा एक लांडगा काढत बसते. म्हणते, हेच शिकायचंय. एका ॲनिमेशन क्लासने दोन वर्षांची फी दीड लाख सांगितली. यात पोट भरेल का? आणि ही नक्कल ठरेल का? वहीचे फोटो सोबत पाठवतोय. – एक पालक

उत्तर: नमस्कार दादा,

मुलीचा हात चांगला आहे, हे आधी सांगतो. लांडगा चिडलाय की लाजलाय हे नुसत्या भुवयांवरून कळतं. पण त्याला पांढरे हातमोजे आहेत, चार बोटं आहेत आणि हातपाय रबरी नळीसारखे वळलेत. असं का, हे तिला विचारून बघा. ‘जुन्या कार्टूनमध्ये असतं म्हणून’ असं उत्तर आलं, तर बराच अभ्यास बाकी आहे.

मिकी माउस 1928 मध्ये पडद्यावर आला तेव्हा त्याला हातमोजे नव्हते, ते पुढच्या वर्षी आले. कृष्णधवल चित्रात काळा हात काळ्या अंगापुढे आला की दिसायचाच नाही. बोटांचं आणि नळीसारख्या हातपायांचं म्हणाल, तर पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेमना वापरलं तरी सेकंदाला 12 चित्रं. सात मिनिटांत पाच हजारांवर. एक बोट कमी केलं, कोपर गाळलं, की किती मेहनत वाचते बघा. तिचा लांडगा तर रंगीत आहे, त्याला मोजे कशाला? (बोटं मात्र चारच राहू द्या, खऱ्या लांडग्याच्या ठशातही चारच उमटतात.)

तिला एकदा नान्नजच्या माळावर घेऊन जा. लांडगा दिसेलच असं नाही, काळवीट दिसेल. ते जमेपर्यंत गल्लीतला कुत्रा आहेच. कुत्र्याच्या मागच्या पायात जो सांधा मागे वळलेला दिसतो तो गुडघा नसतो, घोटा असतो. गुडघा वर, पोटाजवळ. तिने सरळ माणसाचा पाय काढलाय. माहीत असून सोपा केला असता तर हरकत नव्हती, इथे तसं वाटत नाही.

मग मॉडेल शीट करायला सांगा. एकाच उंचीच्या रेषांवर लांडगा समोरून, तिरका, बाजूने, मागून, आणि खाली पाच-सहा भाव. ते पान बघून दुसऱ्या कुणालाही तोच लांडगा काढता आला पाहिजे. हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ग्राफवरचा मोर तुमचा, त्यावरून मागासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या पंच करणारा दुसरा, माग चालवणारा तिसरा, तरी चादरीवर तोच मोर उतरतो. स्टुडिओत निवड करणारे आधी हेच पान मागतात.

नक्कलेचं म्हणाल, तर ती जुनी शैली कुणाच्या मालकीची नाही, पण ठरावीक पात्रं असतात. त्या उंदराचे गोल कान लांडग्याला लावू नयेत, इतकंच.

आता पोटाचं. नुसतं कॅरेक्टर डिझाइन करणाऱ्यांच्या जागा थोड्या. सुरुवात बहुधा क्लीन-अप (कच्च्या चित्राच्या रेषा साफ करणं), रिगिंग (पात्र हलवता यावं म्हणून त्याचा सांगाडा जोडणं), बॅकग्राउंड अशा कामांनी होते. त्यासाठी पुणे, मुंबई नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं, आणि पहिली काही वर्षं पगार बेताचाच. स्टोरीबोर्ड, म्हणजे गोष्ट चौकटी-चौकटींत काढून दाखवणं, आला तर पुढे बरं चालतं. गेम, जाहिराती, मुलांची पुस्तकं इथेही हीच चित्रं लागतात. तेव्हा पोट भरेल, पण घाई असेल तर नाही.

दीड लाख आत्ता भरू नका. असे क्लास मुख्यतः सॉफ्टवेअर शिकवतात, आणि क्रिटा, ब्लेंडर तर फुकट मिळतात. कॉमर्स असलं तरी डिझाइनच्या पदवीसाठीच्या प्रवेश परीक्षा, म्हणजे एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्था) डॅट आणि आयआयटीची यूसीड, देता येतात. अर्ज दिवाळीच्या आगेमागे निघतात. अहमदाबादच्या एनआयडीत ॲनिमेशनचीच पदवी आहे. स्पर्धा जबर आहे, म्हणून अप्लाइड आर्टच्या सीईटीचाही अर्ज भरून ठेवा.

एवढं करूनही क्लासच लावायचा ठरला, तर मागच्या बॅचच्या मुलांच्या शोरील (स्वतःच्या कामाचे छोटे व्हिडिओ) मागा, सरांची नको. आणि फी हप्त्यानेच द्या.